म्युटेशन म्हणजे फेरफार

प्रश्न: "'करोना विषाणूचे नवे उत्परिवर्तन सापडले' असे बातमीत वाचले. म्युटेशन, व्हेरियंट आणि स्ट्रेन या तिन्हींना 'उत्परिवर्तन' म्हटलेले चालते का?"

चालत नाही. म्युटेशन ही घटना आहे. असे अनेक बदल अंगावर घेऊन पसरणारा विषाणू म्हणजे व्हेरियंट. घटनेचे नाव विषाणूला दिले की गोंधळ ठरलेला. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले आणि जो तो 'डबल म्युटंट' म्हणू लागला. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ घेतला 'दुप्पट घातक'. वास्तविक त्या विषाणूच्या नुसत्या काटेरी प्रथिनातच (स्पाइक प्रोटीनमध्ये) दोनाहून जास्त बदल होते. पुढे ज्याने देशभर थैमान घातले आणि ज्याला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' नाव दिले, त्या त्याच्या भावंडात तर ई४८४क्यू नव्हताच! आजही कुणी डेल्टाला डबल म्युटंट म्हणाले की माझे डोके उठते.

एल४५२आर म्हणजे काय ते एकदा नीट पाहा. करोनाची जनुकीय संहिता २९,९०३ अक्षरांची. त्यातल्या २२,९१७व्या जागी 'यू' होता, नक्कल होताना तिथे 'जी' पडला. 'सीयूजी'चे 'सीजीजी' झाले आणि काटेरी प्रथिनात ४५२व्या जागेवर ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन हे दुसरे आले. म्युटेशन ते एवढेच. एका अक्षराचे.

आता शब्दाकडे येतो. 'म्युटेशन' आले लॅटिन 'मूतारे'वरून, म्हणजे बदलणे, अदलाबदल करणे. याच कुळातला लॅटिन 'मूतुउस' म्हणजे परस्परांमधला. आपल्या म्युच्युअल फंडातला 'म्युच्युअल' तोच. आणि या कुळाची संस्कृत शाखा कोणती? 'मिथ्'! 'मिथः' म्हणजे परस्पर, 'मिथुन' म्हणजे जोडी, आणि 'मिथ्या' म्हणजे मुळात उलटे, चुकीचे. विषाणूंमध्ये वैविध्य येते ते मुख्यतः याच दोन वाटांनी. एक वाट मिथ्येची: नक्कल चुकते. इन्फ्लुएन्झाकडे चुका तपासणारी यंत्रणा नाही, म्हणून तो भराभर बदलतो. करोनाकडे ती आहे, म्हणून त्याच्या चुका तुलनेने कमी. दुसरी वाट 'मिथः'ची: दोन वेगळे फ्लू विषाणू एकाच पेशीत शिरले की त्यांच्या आठ-आठ जनुकखंडांची आपसांत अदलाबदल होते. २००९ च्या साथीतला एच१एन१ असाच जमला होता. त्यात डुक्कर, पक्षी आणि माणूस या तिघांच्या फ्लूचे खंड होते. या दुसऱ्या वाटेला शास्त्रज्ञ म्युटेशन म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे. 'मिथ्' या धातूने मात्र दोन्ही वाटा आपल्या पोटात ठेवल्या आहेत, आणि मला हा योगायोग वाटत नाही: जिथे देवघेव, तिथे चूक आलीच.

'उत्परिवर्तन' विश्वकोशाने वापरले, पाठ्यपुस्तकांनी उचलले, तरी मला ते पटत नाही. 'परिवर्तन' पुरेसे असताना 'उत्' कशाला? उत्थान, उत्कर्ष, उत्क्रांती: 'उत्' वर नेतो. बहुतेक म्युटेशनांनी विषाणूचे नुकसान तरी होते किंवा काहीच होत नाही. ह्यूगो द व्ह्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास म्युटेशन म्हणजे एकदम मोठी झेप असे मांडले होते. ती कल्पना केव्हाच मागे पडली, 'उत्' मात्र शब्दाला चिकटून राहिला असे माझे मत आहे.

आणि मराठीत म्युटेशनला शब्द नव्हता असे कोण म्हणतो? तलाठ्याला विचारा. गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. महसुली इंग्रजीत हीच 'म्युटेशन'ची नोंदवही. प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक पडतो आणि ते क्रमांक सातबाऱ्यावर चढतात. एक फेरफार म्हणजे म्युटेशन, आणि असे फेरफार चढलेला सातबारा म्हणजे व्हेरियंट, मराठीत उपप्रकार. 'नवा फेरफार सापडला' आणि 'नवा उपप्रकार सापडला' यांत मग कुणाची गल्लत होणार नाही.

'फेरफार'ला लबाडीचा वास येतो, असे एका परिभाषातज्ज्ञाने मला सुनावले. हिशेबात फेरफार केला, जबाबात फेरफार केला. पण तो वास 'केला'ला आहे, 'फेरफार'ला नाही! वारसाची नोंद लागून फेरफार होतो त्यात कसली लबाडी? विषाणूतही फेरफार होतो. विषाणू तो करत नाही. 'लशीला चकवण्यासाठी विषाणूने रूप बदलले' हे वाक्य म्हणूनच चूक. चूक आधी होते, आपोआप. त्यातली एखादी लशीपासून निसटायला उपयोगी पडली तर तिची पिल्लावळ वाढते.

स्ट्रेनचे राहिले. त्याला 'वाण' म्हणावे. संसर्गाची रीत, रोगाची तीव्रता अशा गुणधर्मांत ठसठशीत फरक पडला तरच वाण वेगळा. दोन-चार अक्षरे इकडची तिकडे झाली एवढ्यावर नाही.