वक्र स्थलकाल न मानता काळ मंदावण्याचं भौतिक स्पष्टीकरण देता येतं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्थलकाल (अवकाश आणि काळ मिळून होणारी एकच चौकट) वगैरे काही वाकत नाही, गुरुत्वाच्या ओढीनं घड्याळातले अणूच दाबले जातात आणि मंद चालतात, एवढं साधं कारण का पुरत नाही?

वेगामुळे काळ मंदावतो त्याला मुळात वक्रता लागतच नाही. तो 1905 चा विशेष सापेक्षतावाद, सगळा सपाट स्थलकालातला. तेव्हा भांडण उरतं ते गुरुत्वाच्या भागापुरतं.

मी कोल्हापुरात बारावीला फिजिक्स शिकवतो. दरवर्षी एखादं तरी पोरगं हाच मुद्दा काढतं, आणि त्याला मी गणितातच पन्हाळ्यावर पाठवतो. पन्हाळा शहरापेक्षा साधारण 400 मीटर उंच. इथलं लंबकाचं घड्याळ तिथल्या भिंतीवर टांगलं, तर दिवसाला काही सेकंद मागं पडेल, कारण वर गुरुत्वत्वरण किंचित कमी, म्हणून प्रत्येक झोक्याला जरा जास्त वेळ. शेजारी अणुघड्याळ ठेवलं तर ते मात्र खालच्यापेक्षा दिवसाला सुमारे 4 नॅनोसेकंद पुढं जाईल. एकाच भिंतीवर दोन घड्याळं आणि दोघांची तोंडं दोन दिशांना! ओढीचा यांत्रिक परिणाम असा घड्याळागणिक बदलतो. काळाचा बदलत नाही. अणुघड्याळ सीझियमचं असो की हायड्रोजन मेसरचं, प्रमाण तेच.

‘दाबले जातात’ हे तर जीपीएसनंच निकालात निघतं. उपग्रह मुक्तपणे पडत असतो, आतल्या घड्याळावर वजन असं काही नसतंच. तरी उंचीमुळे ते जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढं जातं, वेगामुळे 7 मागं येतं, निव्वळ 38 पुढं. म्हणजे हिशेब ओढीच्या जोराचा नाही, गुरुत्वीय विभवाचा (उंचीनुसार एकक वस्तुमानामागे बदलणाऱ्या स्थितिज ऊर्जेचा) आहे.

आता तुमच्या बाजूनं. वक्रतेशिवाय प्रयत्न करणारे तुम्ही पहिले नाही, खुद्द आइन्स्टाइननं तो केलाय. 1911 मध्ये त्यानं सपाट अवकाश धरून, गुरुत्वात प्रकाशाचा वेग बदलतो असं मानलं. घड्याळांचं उत्तर बरोबर आलं, पण सूर्याला घासून जाणारा प्रकाश 0.87 विकलाच (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) वळेल असं निघालं. 1915 च्या पूर्ण सिद्धांतानं, म्हणजे वक्र स्थलकालाच्या सामान्य सापेक्षतावादानं, दुप्पट, 1.75 सांगितलं, आणि 1919 च्या ग्रहणातली मापं त्या दुपटीकडेच झुकली. थोडक्यात, नुसतं घड्याळ मंद करून भागत नाही, मोजपट्टीही आखडावी लागते.

1957 मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकीनं तेही केलं: वस्तुमानाजवळ निर्वाताचे विद्युत गुणधर्म बदलतात, म्हणून प्रकाश, अणू, पट्ट्या सगळंच बदलतं. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण असं एकाच अदिश राशीवर (जिला दिशा नसते, नुसता आकडा असतो) उभं केलेलं चित्र फिरत्या पृथ्वीभोवती स्थलकाल ओढला जातो त्यापाशी अडतं, आणि तो परिणाम ग्रॅव्हिटी प्रोब-बी उपग्रहानं मोजलाय.

खरा टिकाऊ पर्याय भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमननं 1962-63 च्या व्याख्यानांत मांडला: सपाट स्थलकालात गुरुत्वाचं क्षेत्र धरा आणि ते स्वतःच्या ऊर्जेलाही ओढतं हे सांभाळा. शेवटी हाती येतात ती आइन्स्टाइनचीच समीकरणं. मागचा सपाट स्थलकाल मात्र कुठल्याच घड्याळाला दिसत नाही, कारण सगळीच घड्याळं आणि पट्ट्या सारख्याच बिघडलेल्या. मग त्याला ‘वक्र’ म्हणायचं की नाही, ही आवडीची बाब. मी म्हणतो, लिहायला सोपं पडतं म्हणून.

तुमच्या अणूंच्या चित्रातून 1.75 निघतंय का, तेवढं गणित करून खाली टाका. बघू.