मशीनआधी फ्रीझरची चौकशी कर

लिपिड ऑक्सिडेशन (शरीरातल्या चरबीच्या रेणूंना ऑक्सिजन लागून ते सडणं) आणि आजार यांवर मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून, काम करायचंय, पीएचडीसाठी बाहेर निघतोयस, आणि चांगलं मशीन असलेली लॅब कशी ओळखायची, असं तू विचारलंस. बाहेर येऊन मला नऊ वर्षं झाली, त्यातली पहिली चार याच विषयात गेली. मी मशीनचं शेवटी विचारीन.

मशीन बिनमहत्त्वाचं नाही. लिपिडला एक ऑक्सिजन जोडला गेला की वस्तुमान १५.९९४९ डाल्टनने वाढतं. पण एक कार्बन जास्त आणि एक दुहेरी बंध कमी असलेला साधा, न सडलेला लिपिड १६.०३१३ ने जड असतो. हा फरक दिसायला ऑर्बिट्रॅपसारखं हाय रिझोल्यूशनचं, म्हणजे जवळजवळची वस्तुमानं वेगळी दाखवणारं, मास स्पेक्ट्रोमीटर लागतं. अशी यंत्रं आता बऱ्याच ठिकाणी आहेत.

घोळ होतो तो सॅम्पल मशीनमध्ये जाण्याआधी. अराकिडोनिक आम्ल या शरीरातल्या मेदाम्लात चार दुहेरी बंध. त्यांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो, आणि एकदा ऑक्सिडेशनची साखळी सुरू झाली की तिला एन्झाइम लागत नाही. ती शरीरात चालते तशी तुझ्या ट्यूबमध्येही चालते. आयसोप्रोस्टेनवर, म्हणजे अराकिडोनिक आम्ल असं ऑक्सिडाइज होऊन बनणाऱ्या रेणूंवर, १९९० मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मॉरो आणि रॉबर्ट्स यांनी काम मांडलं, तेव्हाच हेही दिसलं होतं की उणे २० अंशांवर ठेवलेल्या प्लाझ्मात ती आपोआप तयार होतात.

मला हे वाचून माहीत होतं. तरी पहिल्या वर्षी रुग्ण आणि निरोगी गटांत इतका सुंदर फरक मिळाला की मी हरखून गेलो. मग कळलं, रुग्णांची सॅम्पल्स दोन वर्षं उणे २० वर पडून होती, निरोगी लोकांची ताजी, उणे ८० वरची. मी फ्रीझरचा अभ्यास केला होता!

म्हणून मुलाखतीत विचार: रक्त काढल्यापासून गोठवेपर्यंत किती वेळ जातो? ऑक्सिडेशन रोखणारी बीएचटी आणि ईडीटीए ही रसायनं कधी घालता? ड्युटेरियमवाले (जड हायड्रोजनचे) इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी मोजून घातलेले रेणू, लिपिड वेगळे काढण्याच्या (एक्स्ट्रॅक्शनच्या) आधी घालता की नंतर? नुसत्या टीबार्सवर, म्हणजे ऑक्सिडेशन रंगावरून मोजणाऱ्या जुन्या चाचणीवर, भागवणारी लॅब असेल तर सोड. त्या रंगात लिपिडशिवायही बरंच काही मिसळतं.

दुसरं, सोबत जीवशास्त्र आहे का बघ. ऑक्सिडाइज्ड लिपिड आजारात सापडलं म्हणजे त्यानेच आजार झाला असं नाही. २००० सालच्या होप या रुग्णांवरच्या चाचणीत ऑक्सिडेशन रोखणारं व्हिटॅमिन ई देऊन हृदयविकार कमी झाले नाहीत. त्या मानाने २०१२ मध्ये नाव मिळालेल्या फेरोप्टोसिसमध्ये (लिपिड ऑक्सिडेशनने होणारा पेशीमृत्यू) त्यापासून वाचवणारं जीपीएक्स४ हे एन्झाइम बंद पाडून पेशी मरते का, हे थेट तपासता येतं. अशा पेशी हाताळणारा गट शेजारी हवा.

पगार करारावर आहे की शिष्यवृत्तीवर, आणि मशीनच्या तासांचे पैसे कुणाच्या ग्रँटमधून जातात, हे ईमेलवर लेखी घे. मशीन ऑपरेटरच चालवतो की विद्यार्थ्याला हात लावू देतात, तेही.

आणि ऑफर आली की त्या गटातल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी, गाइड नसताना, अर्धा तास बोल. शेवटचा ब्लँक (सॅम्पलशिवायची, फक्त मशीन आणि रसायनं तपासणारी फेरी) कधी चालवला होता, एवढं विचार. आठवायला वेळ लागला तर समजून जा.