कानाचा वास, कुसळ आणि विम्याचा कागद

प्रश्न : डॉक्टर, आमचा चिकू हा कॉकर स्पॅनियल साडेचार वर्षांचा आहे. दर पावसाळ्यात त्याचे कान बिघडतात. ड्रॉप्स घातले की पंधरा दिवस बरं असतं, मग पुन्हा डोकं झटकणं सुरू आणि कानाला आंबट वास. गेल्या तीन वर्षांत सहा वेळा असं झालं. सासूबाई म्हणतात, लसूण घालून कोमट तेल सोड. शिवाय आता त्याचा विमा काढायचं मनात आहे. एजंट म्हणाला, 'पूर्वीचा कोणताही आजार नाही' एवढं तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा, बाकी मी बघतो. आमचे डॉक्टर ओळखीचे आहेत, लिहून देतीलही. घेऊ का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि तेलाची वाटी गॅसवरून उतरवा. माणसाच्या कानात तेल सोडावं की नाही, त्यावर कान-नाक-घशाचे डॉक्टर बोलतील. स्पॅनियलच्या कानात ते नकोच. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, मोरीच्या पाइपाला बेंड असतो ना, तशी. त्यात स्पॅनियलच्या नळीत केस, तेलकट मळ तयार करणाऱ्या ग्रंथी इतर जातींपेक्षा जास्त, आणि वरून कानाची जड पाळी झाकणासारखी पडलेली. ठाण्याचा जुलै, आत ऊब, ओल आणि अंधार. अशा जागी तुम्ही तेल ओतलं तर बुरशीचीच सोय होणार.

आता ड्रॉप्स. सहाही वेळा तेच ड्रॉप्स दिले गेले का? आणि त्याआधी कानातला मळ काचपट्टीवर घेऊन कुणी पाहिला का? पाच मिनिटांचं काम आहे. मळ काचेवर फिरवायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असेल तर भुईमुगाच्या शेंगांसारखे, मध्ये खोबण असलेले जांभळे ठिपके दिसतात. एकदा पाहिले की विसरत नाहीत. गोल दाण्यांच्या माळा किंवा काड्या दिसल्या तर तो जिवाणूंचा मामला, औषध वेगळं. काड्या दिसल्या तर नमुना कल्चरला पाठवावा. आणि कानाचा पडदा शाबूत आहे ना, हे दुर्बिणीने बघितल्याशिवाय कुठलंही औषध आत सोडू नये. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखं औषध आत उतरलं तर ऐकू येणं जाऊ शकतं. घरात उरलेली मागच्या वर्षीची बाटली वापरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

घरी करायचं ते सोपं आहे. कान धुण्याचं द्रावण डॉक्टरांकडून घ्या, नळी भरेल इतकं ओता आणि कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळा. आतून पचपच असा आवाज आला पाहिजे. मग हात काढा आणि मागे सरका, कारण तो डोकं झटकणार आणि निम्मं द्रावण तुमच्या अंगावर येणार. बाहेर आलेला मळ कापसाने टिपा. कान कोरायचा कापसाचा बड आत घालू नका. त्याने मळ त्या बेंडापाशी दाबून बसतो. कान बरा असताना आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक आंघोळीनंतर एवढं पुरे. पाळीच्या आतल्या बाजूचे आणि कानाखालचे केस बारीक ठेवा. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं, खोल घ्या, म्हणजे पाळ्या बाहेर राहतात. जेवताना जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी डोक्यावरून चढवा. दिसतो बावळट, पण वरण कानाला लागत नाही.

एवढं करूनही कान उलटत असेल तर दुखणं कानात नाही, कातडीत आहे. वारंवार कान बिघडणाऱ्या कुत्र्यांत बहुतेकदा खाली अॅलर्जी असते, अन्नाची किंवा धुळी-परागांची. तो पंजे चाटतो का? पोट, काख लाल होते का? तसं असेल तर आठ आठवडे काटेकोर पथ्याचा आहार देऊन बघावा लागतो, आणि त्यात आजोबांनी चहात बुडवून दिलेलं बिस्कीटसुद्धा धरलं जातं. थायरॉइडही तपासा. हे टाळत राहिलं की नळीची कातडी जाड होत जाते, शेवटी दगडासारखी लागते, आणि मग अख्खी नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया उरते. त्या टेबलावर येणाऱ्यांत कॉकर बरेच असतात.

आता त्या दाखल्याबद्दल. घेऊ नका.

मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले आणि पुण्यात दवाखाना थाटण्याआधी एकवीस वर्षं सरकारी नोकरीत गायी-म्हशी तपासल्या. गायीच्या विम्याची सगळी भिस्त कानातल्या बिल्ल्यावर. गाय मेली की दाव्यासोबत बिल्ला जमा करायचा. बिल्ला नाही तर दावा नाही. फलटणकडच्या एका शेतकऱ्याची चांगली दुभती गाय पोटफुगीने गेली. बिल्ला महिनाभर आधीच कुंपणाच्या तारेत अडकून तुटला होता आणि त्याने तो जपून कोनाड्यात ठेवला होता. खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "बाई, गाय माझीच, बिल्ला तिचाच, फक्त कानात होता एवढं लिवा." खोटं म्हणावं तर किती लहान! मी लिहिलं नाही. दोन वर्षं त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मग एका सकाळी दवाखान्याच्या दारात नवी गाय घेऊन उभा. बिल्ला रात्री तुटला होता, कानाला अजून रक्त होतं. "नवा बिल्ला आजच मारून द्या," म्हणाला.

तुमच्या बाबतीत तर लपणारही नाही. दावा आला की कंपनी जुने केसपेपर मागू शकते, आणि सहा वेळच्या ड्रॉप्सच्या नोंदी कुठे ना कुठे असणारच. मग कानाचाच नव्हे, माहिती दडवली म्हणून उद्या अपघाताचा दावाही अडकेल. शिवाय तुमचे डॉक्टर गोत्यात. फॉर्मवर खरं लिहा. कान वगळून पॉलिसी मिळत असेल तर मिळू दे; चिकूला कानाव्यतिरिक्त आणखीही बरंच शरीर आहे.

प्रश्न : आम्ही चार महिन्यांचं कॉकर पिल्लू आणलं आहे. विम्याचा हप्ता भरण्यापेक्षा तेवढे पैसे बँकेत टाकावेत, असं यांचं म्हणणं. तुम्हाला काय वाटतं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ज्या खर्चाची वाट पाहता येते, त्याला रिकरिंग खातं बरं. लसी, जंताचं औषध, गोचिडाची गोळी, दात, केस कापणं, कान धुणं हे साधारणपणे आरोग्य पॉलिसीत बसतच नाही. विमा कशासाठी? एका रात्रीत येणाऱ्या बिलासाठी. स्पॅनियलमध्ये अशा रात्री असतात.

डोळ्याचंच घ्या. डोळा लाल, बुबुळ ढगाळ निळसर, कुत्रं तोंड जमिनीला घासतंय, तर तो काचबिंदू असू शकतो आणि या जातीत तो आढळतो. सकाळी बघू म्हणालात तर नजर गेलेली असू शकते. मोतीबिंदू त्यामानाने सवड देतो. पिल्लाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लालबुंद चेरीसारखी गाठ आली तर ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी असते. कापून टाकायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका. अश्रूंचा मोठा वाटा तीच बनवते. ती जागच्या जागी टाके घालून बसवतात. कापली तर पुढे डोळा कोरडा पडून जन्मभर थेंब घालावे लागतात.

दुसरं, हिरड्या. रोज बघायची सवय लावा. कॉकरमध्ये स्वतःच्याच शरीराने तांबड्या पेशी फोडण्याचा आजार इतर जातींपेक्षा जास्त दिसतो. काल खेळणारं कुत्रं आज पडून, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. हे रक्त चढवण्यापर्यंत जातं. आपल्याकडे गोचीडतापातही हिरड्या पांढऱ्या पडतात, प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्त येतं. स्पॅनियलच्या कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड असा दडतो की बघणाऱ्याला सापडत नाही, बोटांनीच चाचपावं लागतं.

विमा काढायचाच तर आत्ता काढा, अंगावर एकही नोंद नसताना. मोठ्या वयाचा कुत्रा कंपन्या सहसा नव्याने घेत नाहीत. आपल्याकडे कुत्र्यांच्या पॉलिसी सरकारी कंपन्यांकडे आधीपासून होत्या. २०२० मध्ये बजाज अलियान्झने स्वतंत्र पॉलिसी आणली आणि पुढे इतर खासगी कंपन्याही उतरल्या. माहितीपत्रकावरचा गोल्डन रिट्रिव्हर बघू नका, वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. आनुवंशिक आजार धरले आहेत का? सुरुवातीचे किती दिवस दावा चालत नाही? प्रत्येक दाव्यात तुमचा वाटा किती? ओपीडीचा खर्च मिळतो की फक्त शस्त्रक्रिया आणि दाखल केल्याचा? उत्तरं फोनवर नकोत, ईमेलवर घ्या. लस चुकवली आणि पार्वो किंवा डिस्टेंपर झाला तर दावा बसत नाही, म्हणून लसीचं कार्ड जपा. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवून घ्या. तिचा पंधरा अंकी क्रमांक कार्डावर, पॉलिसीवर आणि प्रत्येक बिलावर तोच हवा. तो आमच्या गायीचा बिल्लाच, फक्त तारेत अडकत नाही.

माझाच हिशेब सांगते. आमची जिलबी, सोनेरी कॉकर. दिवाळीनंतर टेकडीवर फिरून आली आणि एका बाजूला मान कलती करून बसली. मी घाईत कान बघितला, लाल दिसला, आणि केसपेपरवर 'कानाचा संसर्ग?' असं लिहून ड्रॉप्स घातले. चार दिवसांनी माझ्या मैत्रिणीने तिला भूल देऊन दुर्बीण घातली तर पडद्याला टेकलेलं कुसळ! त्या दिवसांत टेकड्यांवरचं गवत वाळलेलं असतं. कुसळाचे केस उलटे, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकतं. दुसऱ्याच्या कुत्र्याच्या कानातलं मी दहादा काढलंय. मुसळाची म्हण कुणी माझ्यासमोर म्हणू नये.

बिल झालं ११,८३० रुपये. कंपनीने आधी पूर्ण दावा रोखला, कारण माझ्याच हस्ताक्षरात 'संसर्ग' होतं आणि कानाचा संसर्ग त्या पॉलिसीत वगळलेला. मैत्रिणीची नोंद, 'कानात बाह्य वस्तू', आणि चिमट्यात धरलेल्या कुसळाचा फोटो पाठवला तेव्हा तो अपघातात धरला गेला. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनाचे ४५० आणि मऊ खाण्याचे ९०० कापले. राहिलेल्या १०,४८० मधून ठरलेले ५०० वजा, उरलेल्याचे वीस टक्के माझे. हातात आले ७,९८४. फिरून आल्यावर डॉक्टरांकडे गेलात तर 'टेकडीवरून आल्यावर अचानक' हे शब्द केसपेपरवर आले की नाही, ते तिथेच वाचून घ्या. ते खरं असेल तर लिहिलं जायलाच हवं.

दावा नाकारला आणि तुम्हाला पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. वकील लागत नाही.

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये, रेडिंगला असते. तिने स्प्रिंगर स्पॅनियल घेतला. 'लाइफटाइम' पॉलिसी दुप्पट महाग आहे, बारा महिन्यांची घेऊ का विचारते. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिथे बारा महिन्यांच्या पॉलिसीत एखाद्या आजाराचा खर्च वर्षभर किंवा मर्यादा संपेपर्यंत मिळतो, मग तो आजार कायमचा बाद. लाइफटाइममध्ये पॉलिसी खंड न पाडता चालू ठेवली तर दरवर्षी मर्यादा नव्याने भरते. कान, कातडी, डोळे ही स्पॅनियलची दुखणी वर्षात संपत नाहीत, तेव्हा परवडत असेल तर महागडीच. पण नूतनीकरणाला हप्ता वाढत जातो, हे तिने धरून चालावं. मायक्रोचिप इंग्लंडमध्ये २०१६ पासून सक्तीचीच आहे. पत्ता बदलला की नोंद बदलायला सांगा. आणि कुसळं तिथेही असतात, फक्त उन्हाळ्यात.

प्रश्न : उन्हाळ्यात स्पॅनियलचं पूर्ण टक्कल करावं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नागपूरचा मे महिना मला ठाऊक आहे, तरी नाही. पाठीवर मशीन फिरवलं की केस कापसासारखे विरळ उगवतात, कधी महिनोन् महिने उगवतच नाहीत, आणि उघडी कातडी उन्हाने भाजते. पोटाखालचे, पायांच्या झालरीचे, बोटांमधले आणि कानाखालचे केस कमी करा. कूलरसमोर ओला गोणपाट टाका, बाकी तो स्वतःच फरशीवर पोट टेकवून पसरेल.