भिंती वाकतात, बर्फ तडकतो

प्रश्न : नाताळच्या सजावटीसाठी पुठ्ठ्याची दहा सेंटीमीटर उंचीची घरं करते. रंगवल्यावर भिंती वाकतात आणि छपरावरचा बर्फ वाळला की तडकतो. शिवाय आत दिवा लावला की कोपऱ्यांतून उजेड फुटतो. काय करावं?

उत्तर : तुम्ही बहुधा एकच बाजू रंगवता. रंगातल्या पाण्यानं त्या बाजूचे तंतू फुगतात आणि वाळताना आकसतात, म्हणून पुठ्ठा तिकडे ओढला जातो. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा घट्ट पुठ्ठा घ्या (खोक्याचा नालीदार नको, त्याच्या कडा कधीच साफ कापल्या जात नाहीत). खिडक्या भिंती सपाट असतानाच कापा, मग दोन्ही बाजूंना पातळ हात द्या. आतली बाजू काळी रंगवलीत तर भिंतीतून उजेड झिरपणार नाही. कोपऱ्यात आतून पाच मिलिमीटरची चौकोनी लाकडी काडी चिकटवा. सांधा पक्का होतो, फटही झाकते. खिडकीला मागून ट्रेसिंग पेपर लावा, म्हणजे बल्बचा ठिपका न दिसता सगळी खिडकी उजळते.

बर्फ तडकतो तो जाड थरामुळे. वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतलं मिश्रण नंतर आकसतं. पांढरा ॲक्रिलिक रंग आणि फेव्हिकॉल समप्रमाणात घेऊन, टूथपेस्टइतकं घट्ट होईपर्यंत खाण्याचा सोडा घाला. एक मिलिमीटरचे दोन थर द्या, मध्ये रात्रभर वाळू द्या. चमकी शिंपडायची तर दुसरा थर ओला असतानाच. सोड्याचा बर्फ काही वर्षांत पिवळट पडू शकतो. टिकाऊ हवा असेल तर संगमरवराची बारीक पूड वापरा.

दिवा एलईडीच. मेणबत्ती अजिबात नको.