हॉरर बंद करू का, मॅडम?

"अंग फाटतंय, कातडी सोलली जातेय असलेच सिनेमे बघते हो दिवसभर. मोबाइल काढून घेऊ का?"

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. या वेळी कळव्याहून एक आई आली होती, पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलीच्या पापण्यांवर, ओठांच्या कडेला आणि बोटांवर कोडाचे डाग, दोन वर्षांपूर्वी सुरू झालेले.

मी मनात लगेच हिशेब मांडला. पडद्यावर कातडी बदलते, पोरीला स्वतःची आठवते, म्हणून ती घाबरते. आईला बाहेर बसवून विचारलं, "भीती वाटते का गं?"

"छे! बदलतानाच तर भारी वाटतं." मग पुढची पंधरा मिनिटं माझीच शिकवणी. 1981च्या 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये माणसाचा लांडगा भरपूर उजेडात होतो, कुठे लपवाछपवी नाही. तो मेकअप रिक बेकरचा. ऑस्करमध्ये मेकअपचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा पहिलं ऑस्कर त्यालाच मिळालं. तिने हे सगळं मेकअपच्या व्हिडिओंवरून गोळा केलं होतं.

"मग बिनसलं कुठे?"

मावस भावंडांसोबत पाहिलेल्या एका सिनेमाचा शेवट तिला खुपला होता. नायिकेच्या अंगावर डाग उठतात, तिच्यात ताकद येते, आणि शेवटी डाग गेले की सगळे तिला मिठ्या मारतात. बाहेर पडताना मावसभाऊ म्हणाला, "बघ, तूपण होशील नीट."

"म्हणजे आत्ता मी नीट नाही? माझ्यासारखी दिसणारी एकच असते, मॅडम. ती मरते, नाहीतर बरी होते."

मला 'नितळ' आठवला, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा, 2006चा. त्यातली नायिका डॉक्टर, आणि तिला कोड. मी उत्साहाने सांगायला लागले.

"भूत आहे त्यात?"

"नाही गं."

"मग नको." तिला हवी होती भूत पकडणाऱ्या टोळीत कोड असलेली एक मुलगी, आणि तिच्या डागांबद्दल सिनेमाभर कुणी चकार शब्द काढायचा नाही. मला गप्प बसावं लागलं, कारण असा एकही सिनेमा मला सांगता येईना.

आईला आत बोलावलं, तर घरातही तोच शेवट चालू होता. डाग गेले की नाचाचा क्लास परत लावू. मामाच्या लग्नात फोटोपुरते डाग झाकले. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड फुटतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून पोरीचे मासेच बंद. तेही मासेखाऊ घरात!

कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते स्पर्शाने पसरत नाही आणि दूध-माशांचा त्याच्याशी संबंध नाही. त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार जरूर चालू ठेवा, पण नाच कशाला त्यांवर टांगून ठेवायचा? हे मी जरा चढ्या आवाजातच बोलले. समुपदेशकाने बोलू नये, पण बोलले.

राहिला मोबाइल. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा पंधराव्या वर्षी नको आणि रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत, एवढं पुरे. झोप उडाली, जेवण तुटलं, ती स्वतःची कातडी खरवडायला लागली, तर मात्र थांबू नका, लगेच या. एरवी शेजारी बसून बघा आणि एवढंच विचारा, "तुला यातलं कोण आवडलं?"

चौथ्या भेटीला आई एकटीच आली. मोबाइलवर स्वतःचा फोटो दाखवला: टिश्यू पेपर, फेव्हिकॉल आणि कुंकू वापरून लेकीने आईच्या गालाला मोठी जखम केली होती. "सासूबाई किंचाळल्या हो!" हसता हसता तिने घड्याळ पाहिलं. मार्केट बंद व्हायच्या आत तिला बांगडे घ्यायचे होते.