बुलिमियावर डीबीटीचा उपयोग होतो का? घरचे 'नाटकं' म्हणत असतील तर काय करावं?

धाकट्या बहिणीला बुलिमिया (भसाभसा खाऊन मग उलटी काढण्याचा आजार) आहे, डीबीटीने (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी मानसोपचार पद्धत) फरक पडेल का आणि मेडिक्लेममध्ये बसतं का, असं तुम्ही विचारलंय. फरक पडतो. मेडिक्लेममध्ये मात्र भांडून बसवावं लागतं. घरचे 'नाटकं' म्हणतात हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला बोलायचंय त्यावरच.

माझ्या मुलीचं दुखणं पहिल्यांदा ओळखलं ते दातांच्या डॉक्टरांनी. वरच्या दातांची आतली बाजू झिजलेली बघून त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारलं. त्याआधी फॅमिली डॉक्टर 'वजन तर छान आहे' म्हणून सोडून देत होते. बुलिमियात वजन बहुतेकदा ठीकच असतं हो! आणि माझी थोरली बहीण म्हणाली, "लग्न लावून टाक, सासरी गेली की सगळं सुटेल." याच ताईने गौरीच्या जेवणाला भरल्या पंगतीत पोरीच्या दंडाला चिमटा काढून "अंगानं भरलीस गं" म्हटलं होतं.

थेरपिस्टने मुलीकडून त्या दिवसाची साखळी लिहून घेतली. डीबीटीत हे करतातच. रात्री भरपूर जेवायचंय म्हणून सकाळपासून उपाशी, मग तो चिमटा, मग लाज, मग सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उरलेल्या पुरणपोळ्या, मग बाथरूम. यातली कुठली कडी तोडता येईल, हे दोघींनी बसून शोधलं. निघालं असं की पहिली कडी उपाशी राहण्याची. ताईला हे समजावून सांगितलं, तर तिला एवढंच ऐकू आलं की दोष तिचा नाही.

डीबीटी ही पद्धत अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहन यांनी सिअ‍ॅटलला बसवली, ती मुळात स्वतःला इजा करून घेणाऱ्या, आत्महत्येच्या टोकाला गेलेल्या लोकांसाठी. २००१ साली स्टॅनफर्डमध्ये ती बुलिमियाच्या ३१ बायकांवर वापरून पाहिली, २० आठवडे. फायदा दिसला, पण अभ्यास छोटा. 'डीबीटी करतो' असं पाटीवर बरेच जण लिहितात. त्यांना विचारा, कौशल्यांचा वेगळा वर्ग घेता का? रोजची डायरी तपासता का? मधल्या दिवसांत फोन घेता का? तिन्हींना 'नाही' असेल तर पुढचं दार बघा.

आता विमा. उलट्यांनी पोटॅशियम घसरून पोरगी अ‍ॅडमिट झाली, तेव्हा कंपनीने 'स्वतःहून ओढवून घेतलेला आजार' म्हणून क्लेम नाकारला. मी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१(४) लावून पत्र पाठवलं. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यायचा, असं त्यात स्पष्ट आहे. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जायचं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. बँकेत पत्रं लिहिण्यात माझी हयात गेली, ती इथे कामी आली. पैसे मिळाले. त्या मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स ताईच्या घरी देऊन आलो, नाटकांना कंपनी पैसे देत नाही म्हणून. थेरपीची फी मात्र खिशातून गेली, माझ्या पॉलिसीत ओपीडी नव्हती.

बहीण शाळकरी असेल तर आई-वडिलांना सोबत घेऊन करायची फॅमिली थेरपी आधी विचारा. मोठी असेल तर बुलिमियासाठी सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायची थेरपी) पुरावा डीबीटीपेक्षा भक्कम आहे. आमच्याकडे हात कापून घेणंही होतं, म्हणून डीबीटी. वजन फार उतरलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी फिजिशियन.

आणि डीबीटीत घालमेल थांबवायला बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायला शिकवतात. त्याने हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. उलट्या चालू असतील तर पोटॅशियम आणि ईसीजी करून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला ते करू देऊ नका.