जड चिलखत की हलकं? आधी पर्क बघा

या महिन्याच्या टपालात बडोद्यातल्या वाचकांनी विचारलं ते बहुतेक एकाच विषयावर: फँटसी आरपीजीमधलं (पात्र घडवत खेळायच्या व्हिडिओ गेममधलं) आर्मर म्हणजे चिलखत, आणि त्याचे पर्क, म्हणजे लेव्हल वाढली की निवडायच्या खास क्षमता. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : स्कायरिममध्ये अंगावर डेड्रिक या जड चिलखताचा पूर्ण सेट, हातात ढाल, आर्मर रेटिंग ७२०. डाकूंच्या तलवारी जाणवतही नाहीत, पण दोन जादूगार समोर आले की खेळ खलास. मिळेल तो पर्क मी हेवी आर्मरमध्येच टाकतोय. काय चुकतंय? – एक वाचक, दांडिया बाजार

तुमचे शेवटचे काही पर्क वाया गेले आहेत. स्कायरिममध्ये आर्मर जास्तीत जास्त ८०% मार अडवतं, त्यापुढे एक टक्काही नाही. रेटिंगच्या प्रत्येक गुणाला ०.१२% बचाव मिळतो, आणि अंगावरच्या प्रत्येक वस्तूमागे खेळ २५ गुण गुपचूप धरतो, ते पडद्यावर दिसत नाहीत. म्हणून चिलखत, शिरस्त्राण, हातमोजे आणि बूट असे चारच नग असतील तर दिसणारा आकडा ५६७ झाला की सीमा गाठली. पाचवा नग म्हणून ढाल घेतली की ५४२ पुरतात. तुमचे ७२० म्हणजे १७८ गुण नुसते शोभेचे. मॅचिंग सेटचा २५% बोनस काढून टाकला तरी तुम्ही सीमेच्या वरच राहाल.

आता जादूगारांचं. आर्मर रेटिंग फक्त शस्त्रांचा मार कमी करतं. आग, बर्फ, वीज आणि ड्रॅगनचा श्वास यांच्यासमोर डेड्रिक आणि सुती सदरा सारखेच. तिथे मॅजिक रेझिस्टन्स लागतो आणि त्याची सीमा ८५% आहे. तो असा जमवा: ऑल्टरेशन या जादूच्या स्किलमधला मॅजिक रेझिस्टन्स पर्क तीन पायऱ्यांचा आहे, स्किल ३०, ५० आणि ७० ला, मिळून ३०%. मॉर्थल गावाच्या पूर्वेला डोंगरावर लॉर्ड स्टोन हा वरदान देणारा दगड आहे, त्याचे २५%, शिवाय ५० आर्मर. रिफ्टनमधल्या माराच्या देवळातलं 'बुक ऑफ लव्ह' हे काम पूर्ण केलं की १५%. झाले ७०%, तेही एकही एन्चांटमेंट (वस्तूवर बसवलेली जादू) न वापरता. ब्रेटन असाल तर वंशाचे २५% वेगळे, आणि मग सीमेपलीकडे काही वाया तर जात नाही ना ते बघा.

आगीचा रेझिस्टन्स वेगळा मोजला जातो आणि उरलेल्या माराला लागतो. ७०% मॅजिक आणि ५०% फायर असेल तर १०० च्या आगीतले १५ अंगावर येतात. ढाल आहेच, तर ब्लॉक या स्किलमध्ये शील्ड वॉल, डिफ्लेक्ट अॅरोज आणि स्किल ५० ला एलिमेंटल प्रोटेक्शन असे तीन पर्क घ्या. ढाल वर धरलेली असताना आग, बर्फ, वीज निम्मी होते. पुढचे सगळे पर्क इकडे.

प्रश्न : हेवी की लाईट यावरून मित्राशी सेव-उसळीची पैज लागली आहे. शेवटी कोणतं भारी? – एक वाचक, रावपुरा

बिल निम्मं-निम्मं करा. पाया बघितला तर डेड्रिकचे चार नग मिळून १०८ गुण आणि वजन ८१, ड्रॅगनस्केल या लाईट सेटचे ८२ गुण आणि वजन २०. फरक मोठा वाटतो, पण ८०% ची सीमा दोघांनाही आहे आणि नीट सुधारलेलं लाईट आर्मरही तिथे पोहोचतं. मग खरा हिशेब उरतो तो किती पर्क आणि कोणत्या लेव्हलला याचा.

लाईटमध्ये अजाइल डिफेंडर, कस्टम फिट (३०) आणि अनहिंडर्ड (५०) अशा तीनच पर्कमध्ये आर्मरचं वजन शून्य होतं, वाटेत २५% बोनसही मिळतो. पुढे ६० ला विंड वॉकर, स्टॅमिना ५०% लवकर भरतो. हेवीमध्ये वजन घालवणारा कंडिशनिंग ७० ला, तोही जगरनॉट, फिस्ट्स ऑफ स्टील आणि कुशन्ड यांच्यानंतर. म्हणजे चौथा पर्क, आणि मधले दोन बहुतेकांच्या काही कामाचे नसतात. वेल फिटेडचा २५% बोनस तर दुसऱ्याच फांदीवर. मात्र त्या फांदीवर टॉवर ऑफ स्ट्रेंग्थ आहे, घाव बसल्यावर तोल जाणं त्याने निम्म्यावर येतं. दोन हातांची कुऱ्हाड चालवणाऱ्याला तो हवाच.

सॉलिट्यूडच्या वायव्येचा स्टीड स्टोन आर्मरचं वजन लगेच शून्य करतो आणि ओझं पेलायची क्षमताही १०० ने वाढवतो. पण स्टोन एकावेळी एकच लागतो, म्हणजे वरच्या उत्तरातला लॉर्ड स्टोन सोडावा लागेल.

आमचं मत: सुरुवातीच्या लेव्हलांत हेवी जगवतं, तिरंदाज आणि चोरपावलांच्या खेळाला लाईट. सरमिसळ करू नका. एक बूट जरी दुसऱ्या जातीचा असला तरी कस्टम फिट आणि वेल फिटेड दोन्ही बंद पडतात. डोक्यावर नुसतं सर्कलेट (मुकुटासारखी पट्टी) असेल तरी तेच, कारण ते आर्मर धरलं जात नाही.

सुधारणा करताना क्रम पाळा. फॉर्टिफाय स्मिथिंगचं एन्चांटमेंट चार जागी बसतं: चिलखत, हातमोजे, अंगठी, गळ्यातलं. ते चढवा, वर्कबेंचसमोर उभे राहा आणि मगच स्मिथिंगचं औषध प्या. ते ३० सेकंदच टिकतं, पण वर्कबेंचचा मेन्यू उघडा असताना वेळ थांबलेली असते. औषध बाजारात पिऊन लोहाराकडे पळत जाणारे बरेच आहेत! डेड्रिकला प्रत्येक नगामागे एबनीची एक वीट लागते. एन्चांट केलेली वस्तू सुधारायची तर स्मिथिंग ६० चा आर्केन ब्लॅकस्मिथ हवा. तो नसेल तर आधी सुधारा, मग एन्चांट करा.

प्रश्न : बाल्डर्स गेट ३ मध्ये विझर्डला प्लेट आर्मर घातलं तर मंत्रच चालेनात. बग आहे का? – एक वाचक, अलकापुरी

बग नाही, नियम आहे. ज्या आर्मरची प्रोफिशियन्सी (वापरायचं प्रशिक्षण) नाही ते घातलं की मंत्र बंद, आणि स्ट्रेंग्थ व डेक्स्टेरिटीच्या फाशांच्या फेकींवर डिसअॅडव्हांटेज (दोनदा फेकून कमी आकडा धरणं). ढालीलाही हेच लागू. फायटर या वर्गाची एक लेव्हल नंतर घेऊन हेवी मिळेल या आशेवर राहू नका: असा दुसरा वर्ग जोडल्याने (मल्टिक्लास) लाईट, मीडियम आणि ढाल मिळते, हेवी हवं तर पहिलीच लेव्हल फायटरची हवी. नाहीतर क्लेरिकचं लाइफ किंवा टेम्पेस्ट डोमेन घ्या.

साधा मेज आर्मर मंत्र १३ अधिक डेक्स्टेरिटीचा बोनस देतो, आणि तो अंगावर आर्मर नसेल तरच टिकतो. डेक्स्टेरिटी १६ (बोनस ३) असेल तर एसी, म्हणजे बचावाचा आकडा, १६. विझर्डला एवढं पुरतं, तो पुढच्या रांगेत उभा राहायला नको. चोराला स्टडेड लेदर १२ अधिक पूर्ण बोनस. हाफ प्लेट १५ असली तरी डेक्स्टेरिटीच्या बोनसचे फक्त २ धरते आणि लपताना डिसअॅडव्हांटेज देते. म्हणून मीडियम घालणाऱ्याने डेक्स्टेरिटी १४ वर (बोनस २) थांबवावी.

प्रश्न : एल्डन रिंगमध्ये आर्मरचं स्किल कुठे वाढवायचं? – एक वाचक, मांडवी

तसं स्किल नाहीच. तिथे पेलायच्या क्षमतेच्या किती टक्के वजन अंगावर आहे ते बघा: ३०% च्या खाली हलकी लोळण (घाव चुकवायची कोलांटी), ७०% च्या खाली मध्यम, त्यावर जड, आणि १०० च्या वर लोळणच नाही. ६९ च्या आसपास राहा. ओझं जास्त होत असेल तर आधी दुसरं शस्त्र काढा, कारण सहा जागांवरच्या सगळ्या शस्त्रांचं वजन धरलं जातं, हातात असो वा नसो. मग एंड्युरन्स वाढवा किंवा ग्रेट-जार्स आर्सेनल हा ताईत लावा, क्षमता १९% वाढते.

प्रश्न : पर्क चुकीचे लागले तर पहिल्यापासून खेळावं का? – एक वाचक, कारेलीबाग

नको. बाल्डर्स गेट ३ मध्ये तळावरचा विदर्स १०० नाण्यांत सगळं पुसून देतो. एल्डन रिंगमध्ये रेनाला या बॉसला हरवल्यावर तिच्याकडे दर वेळी लार्व्हल टिअर ही एक वस्तू देऊन गुण नव्याने वाटता येतात. स्कायरिममध्ये ड्रॅगनबॉर्न हा विस्तार पूर्ण केला असेल तर एका ड्रॅगन सोलमध्ये (मारलेल्या ड्रॅगनचा आत्मा) एका स्किलचे पर्क परत मिळतात. तो नसेल तर १०० झालेलं स्किल लेजेंडरी करा. पर्क परत, पण स्किल १५ वर येतं. हेवी आर्मर लेजेंडरी कराल तर अंगावरच्या त्याच डेड्रिकचं रेटिंग एकदम कोसळेल, तेव्हा लढाईच्या आधी नव्हे, गावात परतल्यावर करा.